अमावस्येला थांबलेला इलेक्ट्रॉन

माझ्या पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण उसाच्या चिपाडांवर अडलं होतं, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. थट्टा बिलकुल नाही. चिपाडं जळत होती तोवर माझं गणित चालत होतं. चिपाडं संपली की गणित बंद, आणि मार्चअखेर विद्यापीठातली माझी नोंदणीही बंद. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. आणखी मागायला गेले तर माझे मार्गदर्शक सर दार लावून घेतील अशी परिस्थिती होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी जालन्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते आणि तिथल्याच मस्तगडला, भांड्यांच्या दुकानाच्या वर, आमचं बिऱ्हाड होतं. विषय घेतला होता तो जालन्यात कोणी विचारलं तर सांगायची पंचाईत. अणूवर लेसरचा जबरदस्त झोत टाकला की त्यातला इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. कुठल्या बाजूला पडेल ते त्याची मर्जी. पण एकाच वेळी दोन रंगांचे झोत टाकले, एक तांबडा आणि दुसरा त्याच्या बरोब्बर दुप्पट वेगानं हेलकावणारा जांभळा, तर त्याच्या मर्जीत आपल्याला हात घालता येतो. जांभळा तांबड्याच्या किती मागं ठेवायचा, आणि कुणाचं हेलकावणं आडवं, कुणाचं उभं, एवढं हाताशी असलं की इलेक्ट्रॉन वर पाडायचा की खाली, हे आपण ठरवायचं. जगात दोनचार ठिकाणी लोक हे खऱ्या लेसरनं करत होते. आमच्याकडं लेसर कुठला? मी ते कॉम्प्युटरवर गणितानं करत होते.

आणि गणित एकदा सुरू केलं की सहासात दिवस थांबवायचं नाही. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. प्रोग्रॅम त्याहून जुना, सरांच्या कुठल्याशा माजी विद्यार्थ्यानं मोठ्या शहरातल्या मोठ्या मशीनसाठी लिहिलेला. तिथं वीज जात नसावी, कारण मधे थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय त्या गृहस्थानं ठेवलीच नव्हती. बंद पडला की मुळापासून आरंभ. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. एक ओळ हलवली की दुसरीकडं काहीतरी रुसायचं. आणि मस्तगडला सलग एक दिवस वीज राहील तर शपथ! सकाळी गेली, दुपारी गेली, आली म्हणेपर्यंत पुन्हा गेली. दर वेळी मी अंधारात बसून वीज मंडळाला अशा शिव्या घालायचे की खालचे दुकानदार काका म्हणायचे, "मॅडम, जरा हळू, गिऱ्हाईक हाय."

उपाय माझ्या थोरल्या भावाला सुचला. दादा अंकुशनगरला साखर कारखान्यात, पॉवर हाऊसमध्ये होता. कारखाना चालू असला की उसाची पिळून निघालेली चिपाडं बॉयलरमध्ये जातात, वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरतं आणि कारखान्याची स्वतःची वीज तयार होते. ती वीज कॉलनीतल्या क्वार्टरांनाही मिळायची. बाहेर सगळा तालुका अंधारात असला तरी हंगामात आमच्या दादाच्या घरात दिवा. दादा म्हणाला, "आण तुझं बाड हिकडं. गळीत चालू हाय तवर लाईट जाईन तर माझं नाव बदल. पट्टा पडला की मंग मी बी काई करू शकत न्हाई."

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. त्या वर्षी ऊस कमीच होता. मार्च निघेल की नाही, याबद्दल कॉलनीत पैजा लागल्या होत्या.

मग कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून एस.टी.नं अंकुशनगरला गेला. मॉनिटर माझ्या मांडीवर होता आणि वळणावळणाला शेजारच्या बाई त्याला धरत होत्या. त्यांना तो टीव्हीच वाटला, मीही वाटू दिला. क्वार्टरच्या आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी, त्याची स्थापना झाली. आठवडाभर मी जालन्यात शिकवायची आणि शनिवारी दुपारची गाडी धरून यायची. तोवर वहिनी त्याच्यावर लक्ष ठेवायची. लक्ष म्हणजे काय, तर पडद्यावर एक आकडा असायचा, तो वाढत राहायचा. वहिनीला ते काम मनापासून आवडलं. शेजारणी आल्या की त्यांना ती आत नेऊन आकडा दाखवायची. "वन्संचा अणू हाय त्यो. चालून राह्यला."

एकामागून एक गणितं हाती लागत गेली. दोन्ही झोत एकाच दिशेनं हेलकावतात ती गणितं झाली. शेवटची उरली ती अवघड. तांबडा आडवा, जांभळा उभा. असे दोन काटकोनात ठेवले की त्या दोघांच्या ओढीनं इलेक्ट्रॉनची वाट कधी आडव्या आठाच्या आकड्यासारखी होते, कधी वाकवलेल्या बांबूच्या कामटीसारखी. कामटी झाली की तो वरच्या किंवा खालच्या एका अंगाला जास्त पडायला हवा. तेच दाखवायचं होतं. माझ्या सगळ्या प्रबंधाचा जीव त्या एका चित्रात होता.

ते गणित मी एका सोमवारी पहाटे लावलं आणि जालन्याच्या गाडीत बसले. त्याच आठवड्यात आमचे आण्णा क्वार्टरवर आले.

आण्णा म्हणजे वडील. शहागडजवळ आमचं शेत, तिथं ते आणि आई राहायचे. आमच्या उसाला तोडणीची टोळी कधी मिळते ते विचारायला ते कारखान्यावर आले होते आणि पाळी लागेपर्यंत दादाकडं थांबले. माणूस शांत. आमच्या घरात बैलांना जेवढं प्रेमानं बोललं जायचं तेवढं आम्हा भावंडांना नाही. पण मला शिकवलं ते त्यांनीच. भाऊबंद नको म्हणत असताना जालन्याला ठेवलं आणि कधी त्याचा उपकार म्हणून उच्चार केला नाही. मी काय करते हे मागच्या दिवाळीला त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी पंचमीच्या झोक्याचं सांगितलं. झोक्याला एक जण प्रत्येक फेरीला धक्का देतो, दुसरा दुप्पट घाईनं देतो. दुसऱ्यानं हात नेमका कधी लावला त्यावर झोका ह्या अंगाला जास्त चढेल की त्या, हे ठरतं.

आण्णा म्हणाले, "अन् त्यो तुझा कण कोन्या अंगाला पडन ते ठरवून करायचं काय?"

"काही नाही आण्णा. ठरवता येतं का ते बघायचं."

"म्हंजी निस्ता हट्टच की!" असं म्हणून ते हसले. माझ्या सरांनाही याहून चांगली व्याख्या जमली नसती.

तर हे आण्णा वहिनीच्या सोबतीनं रोज त्या आकड्यासमोर बसायला लागले. काट्यावरच्या वजनाच्या पावत्या वाचून त्यांना इंग्रजी आकडे चांगले कळायचे. दिवसा बघावं तर चालू, पहाटे उठून बघावं तर चालू. मशीनच्या मागच्या बाजूला हात लावून बघितला तर गरम. वहिनीनं नंतर सांगितलं, ते तिला म्हणाले होते, "पोरी, ह्ये येंतर रातन्दिस राबून राह्यलं. ह्येला वैरण न्हाई का पानी न्हाई." आणि शुक्रवारी आली अमावस्या.

आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू ठेवायचं नाही. त्यांना धुवायचं, चारायचं, नुसतं उभं राहू द्यायचं. आण्णांनी उभ्या आयुष्यात हा नेम मोडला नव्हता. पेरणी अंगावर आली तरी नाही. शहागडच्या रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा त्या दिवशी गाडीपुढं नारळ फोडल्याशिवाय चाक हलवत नाहीत. मग लेकीचं एक औत आठवडाभर विसाव्याशिवाय चालतं आहे आणि आपण नुसतं बघत बसलोय, हे त्यांना कसं सोसावं?

शनिवारी दुपारी मी पोचले ती जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढत. हिशोबानं त्या संध्याकाळी गणित संपायचं होतं. आत गेले तर पडदा काळा. मॉनिटरवर हळदीकुंकवाची बोटं, मशीनच्या डोक्यावर झेंडूचं फूल, समोर नारळाची वाटी. आणि स्टुलावर आण्णा, नातवाच्या वाढदिवसाला बसावं तसे प्रसन्न.

"कालच्याला आमुशा व्हती," ते म्हणाले. "दिला आराम. लई तापलं व्हतं बिचारं. आता गार झालंय बराबर, आता जुप."

वहिनी दारात उभी होती. तिला कळलं होतं की काहीतरी झालंय, पण काय ते कळलेलं नव्हतं. दादा नुकताच ड्यूटीवरून आला होता. त्याला मात्र सगळं कळलं. "आण्णा, ह्ये काय..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि मी त्याच्या पायावर चपलेसकट पाय दिला.

"बरं केलं आण्णा," मी म्हणाले.

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. माझा नवरा म्हणतो, हिच्या नाकावर माशी बसत नाही, कारण माशीला जीव प्यारा असतो. त्या दिवशी तो सगळा राग पोटात घेऊन मी मागच्या मोरीवर गेले, वहिनीचे धुऊन वाळलेले कपडे पुन्हा बादलीत घातले आणि आपटायला सुरुवात केली. आपटता आपटता रडले. आठवडा गेला होता, पुढचा आठवडा मिळेल याची खात्री नव्हती, आणि राग कुणावर काढावा तर समोर असा माणूस, ज्यानं माझ्या मशीनला बैलाची माया लावली. आयुष्यात कुणी माझ्या कामाला एवढा मान दिला नव्हता. नवऱ्यानंही नाही आणि सरांनी तर नाहीच. वहिनी येऊन शेजारी उभी राहिली. तिनं कपडे पिळून घेतले.

थोड्या वेळानं मी आत जाऊन गणित पुन्हा पहिल्यापासून लावलं. आण्णा मागंच उभे होते. पडद्यावर आकडा आला, अगदी लहानसा. ते त्याच्याकडं बघत राहिले. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी टोळीची वाट न बघता शहागडला निघून गेले.

तो आठवडाही धड गेला नाही. गुरुवारी ऊस कमी आला, कारखान्याची ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडली, कारखाना काही तास बंद राहिला आणि माझं गणितही बंद पडलं. दादाचं नाव बदलायची वेळ आली होती, पण तो इतका ओशाळला की मी सोडून दिलं. आता खरोखर दोनच रस्ते होते. प्रबंध सोडायचा, नाहीतर ज्या प्रोग्रॅमला हात लावायला मी वर्षानुवर्षं भ्यायले त्याला हात लावायचा.

मी कॉलेजात रजा टाकली. उरलेला सगळा वेळ कोठीशेजारी बसून ते जुनं जाळं उलगडत गेले. मधे केव्हाही थांबवलं तर तोवरचं सगळं डिस्कवर जपून ठेवायचं आणि पुन्हा लावलं की तिथूनच उचलायचं, एवढंच करायचं होतं. सांगायला सोपं, करताना डोक्याचा भुगा. एकदा तर इलेक्ट्रॉन थांबल्यावर पुन्हा सुरू झाला तो अणूच्या भलत्याच कोपऱ्यात. मी एवढ्यांदा ओरडले की शेजारीण धावत आली. पण जमलं. जमलं तेव्हा मी वहिनीला मिठी मारली आणि तिच्या हातातलं पीठ माझ्या साडीला लागलं.

मधल्या काळात आण्णा आले नाहीत. एरवी कारखान्यावर दहा कामं काढून यायचे. दादा शेतावर जाऊन आला, त्याला आई म्हणाली, "ह्यांचं कशातच ध्यान न्हाई. ताटावर बसत्यात अन् आर्ध्यात उठत्यात. बैलाजवळ जाऊन उभं राहत्यात निस्तं." मी दादाला विचारलं, तू काही बोललास का? त्यानं शपथ घेतली. बोलायची गरजच नव्हती. जो आकडा त्यांनी चार दिवस मोठा होताना बघितला तो त्यांच्या समोरच लहान होऊन परत आला होता. पण विचारायचं कसं आणि सांगायचं कुणी? ते विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. आमच्या घरात अशीच माया करतात, एकमेकांपासून चार हात लांब उभं राहून.

पुढच्या अमावस्येला सकाळच्या गाडीनं आण्णा आले. हातात नारळ नव्हता. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

"आज आमुशा हाय," ते म्हणाले.

"हो आण्णा."

"तुझं चालू हाय नव्हं? चालू दे. म्या आपलं... सहज आल्तो."

उभ्या आयुष्यात त्यांनी मोडला नव्हता तो नेम माझ्यासाठी मोडायला ते पहाटे उठून आले होते. मी खुर्चीवरून उठले आणि त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं.

"चालू कशाला? आज सुट्टी," मी म्हणाले. कळ दाबली, सगळं डिस्कवर गेल्याचा संदेश आला. "आता बंद करा. इथं दाबा."

"तूच दाब."

"नाही, तुम्हीच दाबा."

त्यांनी बटण दाबलं, पण बोट भाजेल अशा भीतीनं दाबलं. वहिनीनं हळदकुंकू आणलं, दादानं कोपऱ्यावरून नारळ आणला. त्या दिवशी खरोखर घरात कुणीच काम केलं नाही. भिंतीपलीकडं कारखान्याची घरघर तेवढी चालू होती. दादा म्हणाला, मार्च काही निघत नाही, फार तर आठवडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन लावलं. आण्णा स्टुलावर बसून होते, चष्मा लावून. दुपार टळली तसं गणित संपलं. मी चित्र काढायची आज्ञा दिली आणि पडदा वरून खाली हळूहळू भरत गेला. वरच्या अंगाला फिकट धुकं. खालच्या अंगाला दाट, भरगच्च ढीग, जिथं पडायला हवा होता तिथंच. जांभळा झोत मी सांगितला तिथं उभा राहिला होता आणि इलेक्ट्रॉननं ऐकलं होतं. वहिनीनं विचारलं, "ह्योच का वन्सं?" आणि मला हसावं की रडावं ते कळेना. प्रकरण पुरं झालं. कारखाना आता बंद पडला असता तरी चालणार होतं.

"खालच्या अंगाला पडला जणू," आण्णा म्हणाले.

"हो. ठरवून पाडला."

ते हसले नाहीत.

"काल बंद करताना जो आकडा व्हता, आज सकाळी तिथूनच चालू झालं. म्या बघितलं."

"हो आण्णा. तिथूनच उचलतं ते."

"म्हंजी मधी बंद केलं तरी काई जात न्हाई?"

"काही जात नाही."

दादा दारात उभा होता. वहिनी माझ्या खांद्याला लागून होती. आण्णांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"मंग मागल्या आमुशाला म्या बंद केल्तं, तव्हा बी... आसंच?"

मी खोटं सहजी बोलत नाही. बोलले तर चेहरा लाल होतो, वर्गातली पोरंसुद्धा ओळखतात. पण त्या दिवशी माझा आवाज जराही हलला नाही.

"तव्हा बी आसंच, आण्णा. तिथूनच चालू झाल्तं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असेल, नसेल. मी आजही सांगू शकत नाही.

"मंग उगंच महिनाभर जिवाला लावून घेतलं म्या," ते म्हणाले. मग वहिनीकडं वळले. "पोरी, भाकर टाक. भूक लागली."